भूकंपातून सावरणाऱ्या शहरात राहायला जाताय? पुणं सोडण्याआधी एवढं वाचा

२००१ च्या जूनमध्ये आमचं बिऱ्हाड कर्वेनगरहून भुजला गेलं. ह्यांची बँकेत बदली झाली होती. २६ जानेवारीला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छ हादरला, त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. नातेवाइकांपैकी निम्मे म्हणत होते, जाऊच नका. उरलेले म्हणत होते, आता कसली भीती, होऊन गेला की भूकंप. दोन्ही बोलणी काही कामाची नव्हती. पिण्याचं पाणी कुठून येईल, भिंतीवरची कुठली चीर बघून घर नाकारायचं, मुलाची शाळा कुठं भरते, हे सांगणारं कुणीच भेटलं नाही.

तीन वर्षं तिथं राहून जे कळत गेलं ते मी एका शंभर पानी वहीत लिहीत गेले. २०१५ मध्ये नेपाळच्या भूकंपानंतर माझा भाचा बांधकाम अभियंता म्हणून काठमांडूला निघाला, तेव्हा ती वही त्याला दिली. परत आल्यावर त्यानं त्यात आपली पानं जोडली. त्या वहीतलंच इथं सविस्तर लिहिते आहे. बदली होऊन, बांधकामावर, दवाखान्यात किंवा एखाद्या संस्थेतर्फे तुम्ही अशा शहरात काही महिने, काही वर्षं राहायला जाणार असाल, तर हे तुमच्यासाठी आहे.

एक गोष्ट मनाशी धरूनच निघा. ज्या गावात घरं, पाणी, गॅस सगळंच कमी पडतंय, तिथं आपण आणखी चार तोंडं घेऊन जातो. आपल्यामुळे तिथल्या माणसाच्या वाट्याचं काही जाऊ नये, ही काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी लागते.

१. आधी कागद, मग कपडे

भुजमध्ये मी अशी माणसं पाहिली की ज्यांचं घर तर गेलंच, पण घर होतं हे दाखवणारा कागदही ढिगाऱ्यात गेला. सगळ्यांत वाईट हाल भाडेकरूंचे. वीस-वीस वर्षं एका घरात राहिलेले, पण करार नाही, पावती नाही. तेव्हा निघण्याआधी एक अख्खा रविवार कागदांना द्या. हे गोळा करा:

- आधार, पॅन, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि शाळा सोडल्याचा दाखला
- नेमणुकीचं किंवा बदलीचं पत्र, चार प्रती
- पुण्यातल्या घराचं इंडेक्स टू (खरेदीच्या दस्तनोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराची शेवटची पावती
- विम्याच्या पॉलिसी, बँकेचं पासबुक
- रोजच्या औषधांच्या चिठ्ठ्या, चष्म्याचा नंबर, रक्तगट
- प्रत्येकाचे पासपोर्ट आकाराचे दहा-दहा फोटो

घराचे मूळ कागद पुण्यात लॉकरमध्ये किंवा भावाबहिणीकडे राहू द्या. बरोबर झेरॉक्स न्या. डिजिलॉकरमध्ये जे चढवता येतं ते चढवून ठेवा, पण वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलेलं असताना मोबाइल कामाला येत नाही. म्हणून एक संच जाड प्लास्टिकच्या पिशवीत, चेन लावून, दारामागच्या खुंटीला. कपाटात नको. कपाट आडवं पडलं की दार उघडत नाही.

विम्याबद्दल दोन ओळी. एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते आणि तिच्यात भूकंप धरलेलाच असतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला फक्त घरातल्या सामानासाठीही ती घेता येते. गाडी नेणार असाल तर पॉलिसी नीट बघा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात तुमच्या स्वतःच्या गाडीचं भूकंपातलं नुकसान मिळत नाही.

निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं बघून घ्या. ढिगाऱ्यातले खिळे आणि सळ्या वर्षभर पायात येत राहतात.

२. सामान: बोहरी आळीतून काय न्यायचं, घरातून काय न्यायचं नाही

अशा गावात हार्डवेअरच्या दुकानात गर्दी असते ती घर उभं करणाऱ्यांची. आपण तिथं जाऊन ताडपत्री आणि दोरी मागायची म्हणजे त्यांच्याच रांगेत घुसणं. म्हणून हे पुण्यातूनच न्या. रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत सगळं मिळतं: मोठी ताडपत्री, नायलॉनची दोरी, कपाटं भिंतीला बांधायला लोखंडी एल पट्ट्या, रावळ प्लग आणि स्क्रू, झाकणाचं प्लास्टिकचं पिंप, दोन बॅटऱ्या, शिट्टी. शिट्टी विसरू नका. अडकलेल्या माणसाचा ओरडून ओरडून घसा बसतो, पण शिट्टी वाजवायला फार बळ लागत नाही.

आता न न्यायची वस्तू: जुने कपडे. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा पुण्यातून मदतीचा ओघ लागला होता. त्यात जुन्या कपड्यांची बोचकी इतकी होती की ती रस्त्याकडेला पडून राहिली. भुजलाही तेच झालं. ज्यांनी कालपर्यंत स्वतःच्या कमाईचं नेसलं, त्यांच्यापुढे विटलेल्या साड्यांचा ढीग टाकू नये. काही न्यावंसं वाटलंच तर तिथल्या माणसाला आधी फोन करून विचारा. मला एका शिक्षिकेनं खडू आणि सतरंज्या मागितल्या होत्या.

३. घर बघताना

इथं घाई केली की फसगत होते. आमची झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं घर आम्ही एका दलालामार्फत घेतलं. पहिला मजला, मोठ्या खिडक्या, भिंतींना ताजा पिस्ता रंग. इतक्या पडझडीत असं टवटवीत घर मिळालं म्हणून मला बरंच वाटलं. सहा महिन्यांचं डिपॉझिट भरलं. पंधरा दिवसांनी मुलगा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून रंगाचा पोपडा काढत होता. त्याच्या नखाखाली फट लागली. मी रंग खरवडला तर खांब आणि भिंत यांच्यामधून वरपासून खालपर्यंत चीर गेलेली, आणि तिच्यात नुसती पुट्टी भरलेली. त्याच आठवड्यात एक लहानसा धक्का बसला आणि ओट्यावर, गॅसच्या शेगडीवर, परातीएवढा गिलावा पडला. दुपारची वेळ होती, मी बाहेर पाणी भरत होते. डिपॉझिट परत मिळालं नाही.

तेव्हा हे बघा:

नुकसान झालेल्या गावात नुकताच रंग दिलेलं घर दिसलं की आधी थांबा. रंगाआधीचे फोटो मागा. शेजाऱ्याला विचारा, मालकापेक्षा तो खरं सांगतो.

चिरांचे प्रकार ओळखायला शिका. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक रेघा बहुतेक वेळा वरवरच्या असतात. भिंतीवर तिरपी किंवा फुलीसारखी चीर, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली रुंद चीर, खांबावरची चीर, उघडी पडलेली सळई, यांपैकी काही दिसलं तर अभियंत्यानं पाहिल्याशिवाय तिथं राहू नका.

इमारतीच्या पायथ्याशी काय आहे ते बघा. खाली नुसते खांब आणि मोकळं पार्किंग, वर भिंतींचे मजले, अशा इमारतींनी २००१ मध्ये अहमदाबादेत फार माणसं घेतली. कच्छपासून एवढ्या लांब. आपल्या पुण्यातही निम्मी कोथरूड-वारजे अशाच पार्किंगवर उभी आहे, म्हणून हे डोळ्यांत भरत नाही.

डोक्यावर वजन किती आहे? मराठवाड्यात १९९३ ला लोक गाडले गेले ते दगडी भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद यांच्याखाली. पत्र्याचं घर गैरसोयीचं असतं, पण त्याखाली झोप लागते. पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवायची पद्धत मात्र मोडा. धक्का बसला की तेच दगड खाली येतात. पत्रा 'जे' बोल्टनं (इंग्रजी J अक्षरासारख्या वाकड्या बोल्टनं) नीट आवळून घ्या.

सरकारी पाहणी झाली आहे का ते विचारा. गुजरातमध्ये नुकसानीचे जी-१ ते जी-५ असे वर्ग केले होते, जी-५ म्हणजे पूर्ण कोसळलेलं. काठमांडूत इमारतींवर हिरवे, पिवळे, लाल स्टिकर लावले होते. भाचा सांगतो, लाल स्टिकर रात्रीतून खरवडून काढलेली दारंही त्यानं पाहिली. नुसत्या दारावर विसंबू नका, वॉर्ड कार्यालयातल्या यादीत बघा.

आणि भाडं. बाहेरून आलेले पगारदार मागेल ते देतात आणि भाडी चढतात. मग ज्याचं घर पडलंय त्यालाच घर परवडत नाही. ऑफिस भाडं देत असलं तरी गावातला चालू दर विचारून तेवढंच द्या. करार करा, दर महिन्याला पावती घ्या.

पुढे आम्ही एका वयस्क बाईंच्या अंगणात पत्र्याच्या दोन खोल्यांत राहिलो. सगळे त्यांना 'बा' म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. तिथल्या विटांच्या मधल्या भिंतीला एक चीर होती. ओळखीच्या अभियंत्यानं तिच्यावर आडवा, बोटभर रुंद प्लास्टर ऑफ पॅरिसचा पट्टा लावला आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहिली. म्हणाले, "हा पट्टा तडकला तर चीर अजून हलतेय, मला बोलवा. तोवर नुसतं बघत राहा." दर महिन्याच्या एक तारखेला मी चिरेच्या टोकाशी रेघ मारून तारीख टाकायची. सोपा उपाय आहे, तुम्हीही करा. उगाच घाबरणंही कमी होतं.

४. धक्के: मोठा होऊन गेला म्हणजे संपला नाही

नेपाळात २५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा भूकंप झाला आणि १२ मे रोजी ७.३ चा. पहिल्यात तडकलेली घरं दुसऱ्यात पडली. कच्छमध्ये तर २००६ सालीसुद्धा साडेपाचच्या आसपासचे धक्के बसले. लहान धक्के महिनोन्‌महिने येत राहतात. पुण्यात कधीतरी भांडी वाजलेली आठवत असतील तेवढ्या अनुभवावर जाऊ नका. भूकंपप्रवणतेच्या २००२ च्या नकाशात आपला भाग तिसऱ्या विभागात धरलेला होता, कच्छ सगळ्यांत धोक्याच्या पाचव्यात.

घरात पाऊल टाकल्याच्या दिवशीच ही कामं उरका:

कपाट, फ्रीज, पुस्तकांची मांडणी एल पट्टीनं भिंतीला आवळा. पलंगाच्या डोक्याशी काही टांगू नका, देवाची तसबीरसुद्धा नको. जड भांडी, लोणच्याच्या बरण्या खालच्या फळीवर.

प्रत्येकाच्या उशाशी चपला आणि बॅटरी. हे क्षुल्लक वाटतं, पण अंधारात काचांवर अनवाणी पळून पाय कापलेले फार. चपला एका पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधा, म्हणजे धक्क्यानं सरकत नाहीत.

धक्का सुरू झाला की मजबूत टेबलाखाली बसून त्याचा पाय धरायचा, टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी गुडघ्यावर बसून डोकं हातांनी झाकायचं. जिन्यात धावायचं नाही, लिफ्ट नाही, बाल्कनी नाही. हलणं थांबलं की गॅसचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद, कागदांची पिशवी घ्यायची आणि बाहेर. बाहेर उभं राहताना कठड्याखाली नको, भिंतीच्या उंचीएवढं तरी लांब.

घरच्यांनी एकत्र जमायची जागा ठरवा. पुण्यातला एक फोन नंबर सगळ्यांना पाठ हवा. अशा वेळी गावातल्या गावात फोन लागत नाही, बाहेरगावी लागून जातो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्काळाचा ११२ हे भिंतीवर लिहून ठेवा.

अजून एक. काही आठवड्यांनी जमीन हलत नसतानाही हलल्यासारखं वाटू लागतं. सगळ्यांनाच वाटतं. आम्ही टेबलावर पाण्यानं भरलेला काचेचा पेला ठेवायचो. पाणी स्थिर असेल तर परत झोपायचं. मुलगा रात्री उठून आधी पेल्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. त्याला "काही नाही, झोप" असं म्हणण्यापेक्षा पेला दाखवलेला जास्त उपयोगी पडला. महिन्याभरानंतरही झोप लागत नसेल, मूल बोलेनासं झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. लाजू नका.

५. पाणी, गॅस, ऊन

पाण्याचा टँकर कधी येतो, रांगेची पद्धत काय, हे पहिल्या दिवशी शेजारणीला विचारा. प्रत्येक गल्लीची पद्धत ठरलेली असते. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या कळश्या आधी भरायच्या आणि ज्या घरात कुणी गेलं होतं त्यांना थांबवायचं नाही. हे कुणी फलकावर लिहिलेलं नव्हतं. मी पहिल्या दिवशी दोन पिंपं घेऊन पुढे उभी राहिले. कुणी काही बोललं नाही, बाईमाणसं फक्त बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून मी एकच पिंप नेलं आणि बांची कळशी आधी भरली.

जमिनीखालचे पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ शेजारी शेजारी फुटलेले असतात. नळाला पाणी आलं, स्वच्छ दिसलं, तरी उकळूनच प्या. प्रवासात मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचे क्लोरीनचे थेंब) बरोबर असू द्या, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच.

गॅसचं कनेक्शन रीतसर बदलून घ्या. काठमांडूत २०१५ च्या शेवटी सीमेवरची वाहतूक अडली तेव्हा सिलिंडर अर्धेच भरून मिळत होते, तेसुद्धा रांगा लावून. भाच्यानं प्रेशर कुकर आणि इंडक्शन शेगडी यांवर हिवाळा काढला. वीज असेल तेव्हा डाळ-भात एकदम शिजवून ठेवायचा. तुम्हीही दोन प्रकारचं इंधन हाताशी ठेवा.

पत्र्याच्या खोलीत कच्छचा उन्हाळा कठीण जातो. पत्र्याला वरून चुन्याचा हात द्या, आतून गोणपाट लावा. थंडीत तोच पत्रा रात्री बर्फासारखा होतो, तेव्हा एक जास्तीची गोधडी न्या. ढिगारे उपसण्याची धूळ हवेत कायम असते. दमा असलेल्यानं मास्क लावूनच बाहेर पडावं.

६. पत्ते बदललेले असतात

जुना नकाशा, पाट्या, ओळखीच्यांनी दिलेले पत्ते, कशाचाच भरवसा नाही. भुजचं मोठं सरकारी रुग्णालयच कोसळलं होतं. नवीन बांधलं ते पाया आणि इमारत यांच्यामध्ये शिसं आणि रबर यांचे धक्का शोषणारे आधार बसवून, पण ते व्हायला काही वर्षं गेली. तोवर दवाखाना कुठं चालतो हे विचारत जावं लागे. पहिल्या आठवड्यात स्वतः चालत जाऊन चार जागा पाहून ठेवा: दवाखाना, औषधाचं दुकान, पोस्ट, पोलीस चौकी.

७. मदतीच्या रांगेत आपण नाही

बाहेरून आलेल्याला कुणीतरी म्हणतंच, "नाव लिहा तुमचंही, ब्लँकेट मिळेल." लिहू नका.

पण रांगेतल्या माणसाला तुम्ही खूप उपयोगी पडू शकता. अर्ज भरून द्या. आम्ही रविवारी सकाळी बांच्या ओट्यावर बसायचो, अर्ज आमचे हे लिहायचे आणि कागद मी लावून द्यायची. भरपाई घराच्या वर्गावर ठरते आणि हप्त्यांनी मिळते, म्हणून प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो, पाहणी करणाऱ्याच्या सहीची प्रत आणि अर्जाचा आवक क्रमांक जपायला सांगा. आवक क्रमांकाशिवाय अर्ज दिला म्हणजे दिलाच नाही असं समजा. "वर्ग वाढवून देतो" म्हणत पैसे मागणारे हिंडत असतात, त्यांच्यापासून लोकांना सावध करा.

भुजच्या कोटाच्या आत तर नगररचना योजना ठरेपर्यंत बांधकामाचे परवाने थांबले होते. पैसे हातात, पण वीट रचता येत नाही, अशी माणसं रोज आपल्या मोकळ्या जागेवर येऊन बसायची. रस्ते रुंद करायचे होते, कारण अरुंद गल्ल्यांतच जास्त माणसं गेली होती. हे सगळ्यांना पटत होतं, पण ज्याच्या घरातून रस्ता जाणार त्याचं दुःख वेगळं. त्यावर आपण मत देऊ नये. ऐकून घ्यावं.

८. मुलांची शाळा

तंबूत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये भरते म्हणून नाक मुरडू नका. दाखला देऊन नाव घाला, भाषेची काळजी करू नका. आमचा मुलगा दिवाळीपर्यंत गुजराती बोलायला लागला. पुण्याहून अप्पा बळवंत चौकातून मराठीची पुस्तकं मागवून घरी शिकवत राहिले, परत आल्यावर अडलं नाही. शाळेत मोकळी जागा आणि बाहेर पडायची दोन दारं आहेत ना, एवढं मात्र स्वतः बघून या.

९. काय बोलावं, काय विचारू नये

"तुमच्याकडचं कोण गेलं?" हे विचारू नका. सांगायचं असेल तर माणूस सांगतो, बहुधा भाजी निवडताना, मध्येच. तेव्हा हातातलं काम सोडून बसा. तिथं सगळ्या गोष्टींचं मोजमाप 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' असंच असतं, दुकान कधी उघडलं, लग्न कधी झालं, सगळं. पडक्या घरासमोर उभं राहून फोटो काढू नका.

कच्छमध्ये २६ जानेवारीला शुभेच्छा देताना जपा. अंजारला त्या सकाळी प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली शाळेची मुलं अरुंद गल्लीत गाडली गेली. तिथं आता त्यांचं स्मारक आहे. झेंडावंदन होतं, पण त्या दिवशी गावाचा आवाज वेगळा असतो.

१०. परत निघताना

दोन महिने आधी घरमालकाला सांगा, म्हणजे त्यांना खोली रिकामी पडून राहत नाही. गॅस आणि शाळेचे दाखले वेळेत काढा, भाड्याच्या सगळ्या पावत्या बरोबर घ्या. पिंप, ताडपत्री, एल पट्ट्या पुण्याला आणायच्या नाहीत, पुढच्या भाडेकरूसाठी तिथंच ठेवा. खोली झाडून, धुऊन द्या. भिंतीवर चिरेशी टाकलेल्या पेन्सिलीच्या तारखा मात्र पुसू नका, आणि कुणी वर रंग मारणार असेल तर त्याला थांबवा. आमच्या शेवटच्या रेघेखाली २००४ च्या मे महिन्याची तारीख होती आणि पट्टा अखंड होता. नव्या बिऱ्हाडाला ती भिंत मी हात लावून दाखवली.